जीएसएम मोडेमवर एसएमएस येतो, पण सूचना येत नाही: माझा अनुभव

सोलापूरजवळच्या शेतातला पंप एसएमएसवर चालू-बंद होतो: सिम घातलेला जीएसएम मोडेम (मोबाईल नेटवर्कवरून एसएमएस घेणारं यंत्र) एसएमएस घेतो, त्याला जोडलेला कंट्रोलर पंप चालवतो. लाईट जाऊन आली की मोडेम मुका. एसएमएस पोचायचा, हाताने वाचला तर दिसायचा, पण कंट्रोलरला '+सीएमटीआय' ही 'नवा एसएमएस आला' सांगणारी ओळ आपोआप मिळायची नाही. सिम, अँटेना, अडॅप्टर बदलून झालं. डोकं पार उठलं.

मोडेमला एटी+सीएनएमआय? (एसएमएसच्या सूचनेचं सेटिंग दाखवणारी आज्ञा) विचारल्यावर दुसरा आकडा 0 दिसला. म्हणजे नव्या एसएमएसची सूचनाच बंद. वीज गेली की सेटिंग मूळ पदावर. (आज्ञा टाकताना अर्थातच रोमन अक्षरं.)

क्रम असा. आधी एटी+सीपीआयएन? (सिम तयार आहे का, हे विचारणारी आज्ञा) ला 'रेडी' येईपर्यंत थांबा; सिम तयार नसताना एरर येते. मग एटी+सीएमजीएफ=1, म्हणजे मजकूर वाचता येईल असा. त्यानंतर एटी+सीएनएमआय=2,1,0,0,0, म्हणजे सूचना चालू. हे तिन्ही कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच घाला, सेटिंग जतन करणाऱ्या एटी&डब्ल्यू या आज्ञेच्या भरवशावर राहू नका; प्रत्येक मोडेम ते जपतोच असं नाही.

तरी गप्प? एटी+सीपीएमएस? देऊन एसएमएसची जागा किती भरली ते बघा. 30 पैकी 30 दिसलं तर सिम भरलंय, रिचार्जच्या जाहिरातींनीच बहुधा. कामाचे एसएमएस टिपून घ्या आणि एटी+सीएमजीडी=1,4 द्या. सगळे पुसले जातात.