क्रशर-कन्व्हेयरची धूळ मिस्टने बसवायची आहे? नोझल लावण्याआधी हे वाचा

एका प्लांटमध्ये मी मेंटेनन्सला होतो तेव्हाची गोष्ट. एका बेल्टवरून दुसऱ्या बेल्टवर माल पडायचा तिथे इतकी धूळ उडायची की चार फुटांवरचा माणूस दिसायचा नाही, मग कुणीतरी डोकं लावून चूटच्या (माल खाली उतरवणाऱ्या घसरणीच्या) तोंडाशी पाइपाला भोकं पाडून पाणी सोडलं. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी चूट आतून लिंपून बंद, टेल पुलीवर (बेल्टच्या मागच्या टोकाच्या चाकावर) चिखलाचा थर, बेल्ट एका बाजूला सरकायला लागला, रिटर्नचे रोलर माल धरून जाम, आणि फावडं घेऊन दोन हेल्पर शिफ्टभर खाली. आणि खरी गंमत अशी की बारीक धूळ तशीच्या तशी उडतच होती! जाड धूळ तेवढी बसली होती, जी तशीही दोन मिनिटांत आपोआप खाली बसणारच होती.

असं का झालं हे कळलं की मिस्टचं (नोझलमधून सोडलेल्या पाण्याच्या बारीक धुक्याचं) निम्मं गणित सुटतं, म्हणून आधी तेवढं सांगतो.

थेंबाचा आकार

डोळ्याला दिसते ती धूळ साधारण ५० मायक्रॉनच्या वरची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुप्फुसात खोलवर जाते ती १० मायक्रॉनच्या खालची, आणि त्यातही ४-५ मायक्रॉनच्या आतली सगळ्यात वाईट. दगडाचा १ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दीड मीटरवरून खाली यायला चार-साडेचार तास घेतो, आणि प्लांटमध्ये स्थिर हवा असते कुठे, म्हणजे तो बसतच नाही, शिफ्टभर नाकासमोर तरंगत राहतो.

आता या कणावर १ मिलिमीटरचा मोठा थेंब सोडला तर काय होतं? थेंब पडताना समोरची हवा बाजूला सारतो, त्या हवेबरोबर हलका कणही बाजूने निघून जातो, टक्करच होत नाही. थेंब आणि कण साधारण एका मापाचे असले की मात्र दोघं आपटतात, चिकटतात, एकाला दुसरा लागून गोळी जड होते आणि खाली येते. शिवाय १ मिलिमीटरचा एक थेंब फोडला तर १० मायक्रॉनचे १० लाख थेंब होतात, तेवढ्याच पाण्यात! म्हणजे कमी पाणी आणि टक्कर व्हायची शक्यता किती तरी पट जास्त.

पण याचा अर्थ मोठा थेंब बिनकामाचा असा नाही हां. दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून टाकतात. धूळ उडूच नये म्हणून माल ओला करायचा असेल तर २०० ते ५०० मायक्रॉनचे थेंब लागतात, ते मालावर पडतात, टिकतात, आणि याची जागा म्हणजे क्रशरच्या आधी, हॉपरमध्ये माल ओतताना, जिथे पुढे माल घुसळून पाणी सगळीकडे लागणार आहे. उडालेली धूळ हवेत पकडायची असेल तर मात्र १० ते १५० मायक्रॉन, आणि अगदी बारीक धुळीला त्यातलाही खालचा भाग. खाली मी मुख्यतः या दुसऱ्या कामाबद्दल बोलतोय.

नोझल नंतर, आधी पत्रा आणि रबर

मिस्ट उघड्यावर चालत नाही. १० मायक्रॉनचा थेंब कोरड्या हवेत सेकंदभरसुद्धा टिकत नाही, वाफ होऊन जातो, आणि टिकला तरी जरा वारा आला की धूळ एकीकडे, धुकं दुसरीकडे. त्यामुळे खर्चाचा पहिला भाग झाकण्यावर करा, तो पंपापेक्षा स्वस्त पडतो आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

वरून माल पडतो तेव्हा स्वतःबरोबर हवा ओढत आणतो. पडायची उंची जितकी जास्त आणि माल जितका विस्कटून पडेल तितकी हवा जास्त, आणि हीच हवा खालच्या बेल्टवर आपटून धूळ घेऊन फटींमधून बाहेर येते. तर मग सरळ क्रम असा: उंची कमी करता येते का बघा, चूटचा आकार असा करा की माल एकत्र धारेत उतरेल, वरच्या बाजूची उघडी तोंडं कमी करा म्हणजे हवा आत ओढलीच जाणार नाही. खालच्या बेल्टवर दोन्ही बाजूंनी स्कर्ट पत्रा (माल बाहेर जाऊ न देणारा उभा पत्रा) आणि त्याला स्कर्ट रबर, रबर बेल्टला हलकं टेकेल इतकंच (दाबून लावलं तर बेल्टला चर पडते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे दाबूनच लावतात). माल पडतो त्याखालचे रोलर जवळजवळ घ्या नाहीतर बेल्ट मध्ये झोल खातो आणि रबर कितीही चांगलं असलं तरी फट पडतेच.

माल पडतो तिथून पुढे झाकलेला बोगदा लांब ठेवा. माझा अंदाज असा की बेल्टचा वेग दर अर्धा मीटर प्रति सेकंदाला किमान ६० सेंटिमीटर लांबी, म्हणजे बेल्ट २ मीटर प्रति सेकंदाने चालत असेल तर अडीच मीटरच्या आसपास, आणि माल फारच धुळीचा असेल तर अजून वाढवा. बोगद्यातून बाहेर पडणारी हवा १ मीटर प्रति सेकंदाच्या आत असावी, त्याच्या वर गेली की ती बारीक धूळ आणि तुमचं महागाचं धुकं दोन्ही बाहेर फेकते. आत रबराचे कापलेले पडदे दोन-तीन ठिकाणी टांगा, शेवटचा पडदा अगदी तोंडाला नको, जरा आत, म्हणजे पडद्याला आपटून पडलेली धूळ आतच मालावर पडेल.

आणि बेल्टचा स्क्रॅपर, म्हणजे बेल्टला चिकटलेला माल खरवडून काढणारी पट्टी. हा मुद्दा मिस्टचा नाही पण लिहितोच, कारण रिटर्न बेल्टला चिकटून येणारा माल वाळून प्रत्येक रोलरला झडतो आणि ती धूळ कुठल्याही नोझलने बसत नाही. स्क्रॅपर झिजलेला असेल तर आधी तो बदला.

नोझल कुठे आणि कुठल्या दिशेने

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नोझल मालाकडे तोंड करून लावणं. बारीक धुकं मालावर मारलं की ते मालाला लागून संपतं, हवेतल्या धुळीला मिळतच नाही. नोझल मालाच्या वरच्या मोकळ्या हवेत धुकं भरेल असे लावा: एक सेट माल पडतो त्याच्या लगेच पुढे, बोगद्याच्या छताला किंवा बाजूला वरच्या अंगाला, आणि एक सेट पुढे पडद्यांच्या मधल्या कप्प्यात. आतली सगळी हवा धुक्याने भरलेली दिसली पाहिजे, अर्ध्या भागात धुकं आणि अर्ध्यात नाही असं झालं तर धूळ रिकाम्या वाटेने निघून जाते, तिला वाट बरोबर सापडते.

दुसरी चूक म्हणजे जोरात मारणं. कुठलाही फवारा हवा ओढतो आणि पुढे ढकलतो, म्हणजे बोगद्याच्या तोंडाकडे तोंड करून नोझल लावलं तर तुम्ही स्वतःच पंखा बसवलात. हवेतल्या धुळीसाठी पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल बरे पडतात. नोझल मालाच्या दगडांचा मार लागणार नाही असे आणि बाहेरून हात घालून काढता येतील असे बसवा, ही दुसरी गोष्ट डिझाइनवाला विसरतो आणि फिटर आयुष्यभर शिव्या घालतो.

ट्रक किंवा वॅगन ओततात त्या हॉपरवर हवा एकदम उसळून वर येते, तिथे तीन बाजूंनी भिंत, वर छप्पर, पुढे पडदा आणि कडेने नोझल आतल्या बाजूला तोंड करून. उघड्या ढिगाऱ्यावर बारीक धुकं विसरा, तिथे मोठे थेंब, फॉग कॅनन (पंख्याने लांबवर फवारा फेकणारं मशीन), वारा अडवणारी जाळी हे चालतं.

कुठली सिस्टीम

दोनच प्रकार लक्षात ठेवा. एक हाय प्रेशर: नुसतं पाणी, ७० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास, नोझलचं भोक ०.१५ ते ०.३ मिलिमीटर, थेंब साधारण १० ते ५० मायक्रॉन. दुसरी हवा आणि पाणी एकत्र: पाणी कमी प्रेशरचं, कॉम्प्रेस्ड हवा साधारण ५ बारच्या आसपास, थेंब अगदी १ ते १० मायक्रॉनपर्यंत जातात, याला लोक ड्राय फॉग म्हणतात. दुसऱ्यात भोक मोठं असल्यामुळे नोझल कमी चोक होतात, पण कॉम्प्रेसर चालवायची वीज कायमची डोक्यावर बसते. पहिल्यात वीज कमी लागते पण पाणी आरशासारखं स्वच्छ पाहिजे. तुमच्याकडे पाणी चांगलं असेल आणि फिल्टर वेळेवर बदलणारा माणूस असेल तर पहिली घ्या, नसेल तर दुसरी, इतकं साधं आहे ते.

पाणी किती लागेल? ०.२ मिलिमीटरचं नोझल ७० बारला तासाला साधारण ५-७ लिटर देतं. समजा एका ट्रान्सफर पॉइंटला (एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल पडतो त्या जागेला) १२ नोझल, ६ लिटरने धरले तर तासाला ७२ लिटर. बेल्टवर तासाला ५०० टन माल जात असेल तर मालात वाढलेला ओलावा ०.०१५ टक्क्यांच्या आत! तेच पाइपाने १ टक्का पाणी मारलं असतं तर तासाला ५,००० लिटर. कोळसा असेल तर ते सगळं पाणी पुढे भट्टीत वाफ करायला उष्णता खातं, आणि स्क्रीनवर (चाळणीवर) जाणारा माल असेल तर जाळी चोक होते. मॅनेजरला पटवायचं असेल तर धुळीचं काही बोलू नका, नुसता हा हिशोब दाखवा.

पाणी आणि लाइन

०.२ मिलिमीटरच्या भोकात वाळूचा एक कण पुरेसा आहे. ५ मायक्रॉनपर्यंतचा फिल्टर, टप्प्याटप्प्याने, आधी जाड मग बारीक, आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज, फरक वाढला की कार्ट्रिज बदला, बंद पडायची वाट बघू नका. पाणी जड असेल तर सॉफ्टनर किंवा आरओ लागेल कारण क्षार नोझलच्या टोकाला जमून फवारा वाकडा करतात. फिल्टरनंतरची लाइन स्टेनलेसची घ्या, लोखंडी पाइप घेतला तर गंज फिल्टरच्या पुढे तयार होतो, मग फिल्टरचा उपयोग काय!

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. लिजिओनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांमधून श्वासात गेला तर न्यूमोनिया होतो, माणसं दगावतात. म्हणून सेटलिंग टँकमधलं रिसायकल पाणी माणसं असतात तिथे मिस्टला वापरू नका, टाकी झाकलेली आणि सावलीत ठेवा, लाइनमध्ये टोक बंद असलेले निरुपयोगी तुकडे ठेवू नका, प्लांट काही दिवस बंद राहणार असेल तर लाइन रिकामी करा आणि परत सुरू करताना आधी फ्लश. थंडीत पाणी गोठत असेल तरी रिकामी करण्याची सोय लागतेच, एका व्हॉल्व्हमध्ये दोन्ही कामं होतात.

हाय प्रेशर लाइनला लीक आहे का ते बोट फिरवून कधीच बघू नका, ७० बारची धार कातडीच्या आत शिरते.

चालू-बंद

हाताने चालू-बंद करायची सिस्टीम म्हणजे एकतर कायम चालू किंवा कायम बंद. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) बेल्टच्या मोटरशी इंटरलॉक करा, म्हणजे मोटर चालू असेल तरच तो उघडेल, पण नुसता बेल्ट फिरतोय एवढ्यावर नको, रिकाम्या बेल्टवर धुकं सोडलं की बेल्ट ओला होतो आणि मग घसरतो. बेल्टवर माल आहे का हे बघणारा सेन्सर पण जोडा. माल यायच्या काही सेकंद आधी धुकं चालू झालं पाहिजे म्हणजे आतली हवा दमट होते आणि थेंब जास्त टिकतात, आणि माल संपल्यावर १०-२० सेकंद चालू राहू द्या, शेवटची धूळ तेव्हाच असते.

कुठे वापरू नये

सिमेंट, जिप्समचा भाजलेला पावडर, कळीचा चुना. पहिले दोन धरून बसतात, चुना तर पाण्याने तापतो. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमच्या बारीक धुळीजवळ पाणी नकोच, हायड्रोजन सुटतो. इथे बॅग फिल्टर किंवा दुसरा उपाय. कोळसा, साखर, पीठ, धान्य यांची धूळ स्फोट करू शकते, तिथे खाली बसलेल्या थरावर प्रेशरने पाणी मारलं तर उलट ढग उठतो, त्यामुळे साठलेला थर वेगळा साफ करायचा आणि सोलेनॉइड, सेन्सर हे सगळं अशा स्फोटाच्या धोक्याच्या जागेत चालणारं घ्यायचं. मिस्ट लावली म्हणून स्फोटाच्या बाकीच्या बंदोबस्तातून सुटका होत नाही.

काम झालं की नाही कसं कळणार

आठवड्याला एकदा माल बंद असताना सिस्टीम चालवून प्रत्येक नोझलचा फवारा डोळ्याने बघा, वाकडा किंवा ठिबकणारा दिसला की बदला. काढलेले नोझल पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवले की क्षार सुटतात, टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की थेंब मोठा झाला.

रात्री किंवा अंधारात बोगद्याबाहेर जोरदार टॉर्च लावा आणि झोताच्या समोरच्या बाजूला, पण जरा तिरकं उभं राहून बघा, दिवसा न दिसणारी बारीक धूळ चमकायला लागते आणि फट नेमकी कुठे आहे ते कळतं. फक्त धुक्याचे थेंबही तसेच चमकतात, म्हणून धुकं पोहोचत नाही अशा अंतरावर बघा. हाच घोळ प्रकाशावर चालणाऱ्या हातातल्या डस्ट मीटरमध्ये होतो, ते थेंबालाच धूळ समजतं आणि मिस्ट लावल्यावर आकडा वाढलेला दाखवतं, मग सगळे म्हणतात सिस्टीम फेल. खरा आकडा पाहिजे असेल तर कामगाराच्या कॉलरला पंप आणि सायक्लोन (जाड धूळ वेगळी काढणारा छोटा भाग) लावून शिफ्टभराचा नमुना घ्या, फिल्टर लॅबमध्ये वाळवून वजन होतं. दगडात सिलिका असेल तर तीही तपासून घ्या, अमेरिकेतल्या ओशाने (कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ च्या नियमात ८ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आणि तो आकडा येईपर्यंत कुणाच्याही तोंडावरचा मास्क काढू नका.