टेम्पो रन अर्ध्यातच का सुटतो? या चुका टाळा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यापासून तयारी करणाऱ्यांच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा टेम्पो रन असतोच, आणि सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते. लाँग रन रखडत का होईना पुरा होतो. इंटरव्हलमध्ये दर फेरीनंतर जरा उसंत मिळते. टेम्पोत मात्र वीस ते चाळीस मिनिटं एकाच जोरात पळायचं असतं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला पाय जड होतात, माणूस थांबतो आणि ‘आपला स्टॅमिनाच कमी’ असं ठरवून घरी जातो. माझ्या मते स्टॅमिनाला उगाच बोल लावला जातो. टेम्पो बिघडतो तो बहुतेकदा पहिल्या दोन किलोमीटरमध्येच.

सुरुवातीची घाई

शर्यतीत साधारण तासभर टिकवता येईल, तो टेम्पोचा वेग. या जोरात स्नायूंमध्ये तयार होणारं लॅक्टेट शरीर जेमतेम वापरून संपवू शकतं. त्याच्या वर गेलात की ते साचायला लागतं आणि श्वास तुटतो. नंतर वेग कमी केला तरी शरीर लगेच ताळ्यावर येत नाही. म्हणून पहिल्या किलोमीटरला वाचवलेले पंधरा सेकंद शेवटी फार महागात पडतात.

हिशेब सोपा आहे. सध्या दहा किलोमीटर 50 मिनिटांत होत असतील तर टेम्पो 5:05 ते 5:10 च्या पेसने, म्हणजे एका किलोमीटरला इतकी मिनिटं-सेकंद लावून, करा. 60 मिनिटं लागत असतील तर 6:00 ते 6:05 ने. यातला ‘सध्या’ महत्त्वाचा. तीन वर्षांपूर्वीची बेस्ट वेळ किंवा मनातलं टार्गेट धरून काढलेला पेस, ही सगळीकडे दिसणारी चूक. ग्रुपमधल्या वेगवान मित्राला धरून पळणं ही तिची जुळी बहीण. पहिला किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा पाच-सात सेकंद सावकाशच जाऊ द्या.

पळताना तीन-चार शब्द बोलता आले पाहिजेत. ‘अजून किती राहिलं रे?’ एवढं विचारता आलं की जोर बरोबर आहे. घरची सगळी हकीकत सांगता येत असेल तर तो टेम्पो झाला नाही, आणि तोंडातून शब्दच फुटत नसेल तर तुम्ही शर्यत पळताय.

वॉर्म-अपबद्दल एवढंच सांगतो: दहा-पंधरा मिनिटं हलकं जॉगिंग आणि वीस-वीस सेकंदांचे चार मोकळे स्प्रिंट, पूर्ण ताकद न लावता. हे टाळलं तर सुरुवातीलाच दम लागतो.

घड्याळ आणि हवा

फ्लायओव्हरखाली, उंच इमारतींमध्ये किंवा दाट झाडीत जीपीएसचा चालू पेस क्षणात 4:40 दाखवतो, क्षणात 5:40. त्यामागे लागून वेग वर-खाली करत राहिलात तर वीस मिनिटांत पिट्टा पडेल. स्क्रीनवर लॅप पेस, म्हणजे चालू लॅपची सरासरी, लावा. मनगटावरचा हार्ट रेटही फसवतो. श्वास आरामात चाललाय आणि आकडा सुरुवातीपासून 170-175 वर चिकटलाय, असं दिसलं तर सेन्सर बहुधा तुमची पावलं मोजतोय. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा. त्यानेही नाही भागलं तर छातीचा पट्टा घ्या.

मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे पहाटे साडेपाचलाही घाम वाळत नाही. शरीर थंड ठेवायला बरंचसं रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. पेसचे तक्ते थंड हवेचे असतात. दमट सकाळी किलोमीटरमागे दहा-वीस सेकंद बिनधास्त सोडा, व्यायाम तोच होतो. चढावरही हाच न्याय. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात टेम्पो करताना पेस विसरा आणि श्वासाचा जोर तेवढाच राहतोय का, ते बघा.

मध्येच गाडी अडली तर

खांदे कानांकडे चढलेत का, मुठी आवळल्या आहेत का, ते आधी तपासा. हात एकदा खाली सोडून सैल झटका. मग वेग दहा सेकंदांनी कमी करून दोन मिनिटं थांबा, म्हणजे पळत राहूनच वाट पाहा. श्वास पुन्हा लयीत आला तर तिथूनच पुढे चला. नाही आला तर दोन मिनिटं जॉग करा आणि उरलेला वेळ पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत पुरा करा. असा पुरा केलेला टेम्पोही उपयोगाचा असतो.

बरगडीखाली कळ आली तर वेग उतरवा, ओठ आवळून श्वास लांबवर सोडा आणि दुखतं तिथे हाताने दाबा. पळण्याआधी तासाभरात पोटभर खाल्लं असेल तर कारण बहुधा तेच.

काही वेळा मात्र खरंच थांबायचं असतं. छातीत दुखणं, चक्कर, उकाड्यात अंगावर काटा किंवा थंडी वाजणं, पायात एकाच जागी सुरी खुपसल्यासारखी कळ. यातलं काहीही झालं की पळणं बंद करा आणि एकटे असाल तर कुणाला तरी बोलवा. छातीत दुखलं असेल तर कळ थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

नुसता दम सुटून टेम्पो फसला असेल तर दुसऱ्या दिवशी भरपाई करायला जाऊ नका. रविवारी लाँग रन असेल तर शनिवारीही नको, मंगळवार-बुधवार बरा. पुढच्या आठवड्यात दहा-दहा मिनिटांचे दोन भाग करा, मध्ये दोन मिनिटं जॉग. ते जमलं की बारा-बारा, मग पंधरा-पंधरा. दुसऱ्या भागाचा लॅप पेस पहिल्याइतकाच यायला लागला, की सलग वीस मिनिटांना हात घाला.