विंट पाथवे डोक्यात बसवायचा कसा
विंट म्हणजे पेशीला बाहेरून निरोप देणारं प्रोटीन, आणि पाथवे म्हणजे तो निरोप जीन्सपर्यंत पोचायचा रस्ता. आधी पुस्तकातली ती बाणांची डायग्राम बाजूला ठेवा, फक्त बीटा-कॅटेनिन या पेशीतल्या प्रोटीनवर लक्ष द्या. विंट नसताना एपीसी, अ‍ॅक्सिन, सीके१, जीएसके३ ही प्रोटीन्सची गँग त्याला धरते, फॉस्फेट चिकटवते, मग पेशी त्याचा चुरा करते. विंट येऊन पेशीच्या पृष्ठभागावरच्या फ्रिझल्ड आणि एलआरपी६ या रिसेप्टर्सना चिकटला की गँग ढिली पडते, बीटा-कॅटेनिन साठतो, न्यूक्लिअसमध्ये घुसून टीसीएफ या डीएनएवर बसणाऱ्या प्रोटीनसोबत जीन्स चालू करतो, बस एवढंच, आणि बेडकाच्या गर्भात पाठ कुठली पोट कुठलं इथपासून आपल्या आतड्याचं अस्तर नवं होण्यापर्यंत हेच चालतं. आता स्वतःला विचारा, एपीसीच बिघडला तर? विंट नसतानाही स्विच ऑन! मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये हाच घोळ असतो. नाव विसरताय? माशीचं विंगलेस जीन अधिक उंदराच्या ट्यूमरमध्ये १९८२ला सापडलेलं इंट१ जीन, मिळून विंट.