आयसीयूत पेशंट असताना घरच्यांनी या चुका टाळा

जत, कवठेमहांकाळ, तासगाव, कुठंही पेशंट सिरीयस झाला की आपल्याकडं गाडी निघते ती मिरजेलाच, आणि एकदा आयसीयूत घेतलं की घरच्यांना वाटतं आता सगळं डॉक्टर बघतील. बघतातच, पण तुम्ही काय सांगितलं आणि काय लपवलं यावर पण बरंच अवलंबून असतं हो.

सगळ्यात मोठी चूक दारूची. "कधीतरी थोडी घ्यायचे" असं सांगतात, कारण शेजारी काकी उभ्या असतात, पाहुणे असतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येऊ शकते, आणि २ ते ४ दिवसांत पेशंट असंबद्ध बडबडायला लागतो, नळ्या उपसतो, जिवावर पण बेततं. डॉक्टरला माहीतच नसेल तर तो मेंदूत काय झालंय ते शोधत बसणार. सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा, पण रोज किती आणि शेवटची कधी घेतली ते खरं सांगा. तंबाखूचंही सांगा.

तसंच गोळ्यांचं. शुगर-बीपीच्या तेवढ्या सांगतात आणि गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेली पेनकिलर किंवा कुणीतरी दिलेली पुडी राहूनच जाते. पेनकिलरनं किडनीला मार बसलेला असू शकतो, पुडीत स्टिरॉईड असलं आणि ते अचानक थांबलं तर बीपी पडू शकतं. रक्त पातळ करायची गोळी तर आधी सांगायची! घरातली औषधाची पिशवीच उचलून न्या.

आता भेटीच्या वेळचं. "घसा कोरडा पडलाय" म्हणून गुपचूप चमच्यानं पाणी किंवा तीर्थ पाजू नका, गिळायची ताकद नसेल तर ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवतात ती पण त्यासाठीच, पेशंट अवघडलाय म्हणून कॉट सपाट करायची नाही. हात धुवूनच आत जा, सर्दी-ताप असेल तर जाऊच नका, अख्खी भावकी आत न्यायची तर काहीच गरज नाही. सिस्टर कूस बदलायला आल्या की "झोपू द्या की त्यांना" म्हणू नका, साधारण दर २ तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. पाय सुजलेला दिसला तर चोळत बसू नका, आत रक्ताची गाठ असू शकते, लगेच सिस्टरला दाखवा.

आणि चष्मा, कानाचं मशीन घरी ठेवू नका. म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस का रात्र कळत नाही, मग भ्रम व्हायला वेळ लागत नाही. डबीवर नाव लिहून सिस्टरकडं द्या म्हणजे हरवत नाही.