वाचक बोलायला लागले, ते असे

कोल्हापूरच्या जुन्या वास्तूंवर मी फेसबुकवर लिहितो. दीड वर्ष लोक लाइक करून पुढे जायचे, बोलायचं कुणीच नाही. खासबाग मैदान १९१२ चं, शेजारचं पॅलेस थिएटर १९१५ चं. सनावळ्या चोख द्यायचो, पण वाचकाला बोलायला जागाच ठेवत नव्हतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे तेच पॅलेस थिएटर, जळालं. माहिती लिहवेना. एवढंच विचारलं, ‘इथं पहिलं नाटक कुणाबरोबर पाहिलंत?’ सकाळपर्यंत आठवणींची रीघ लागली. कुणी आजोबांचं बोट धरून गेलेलं, कुणी पडदा ओढायच्या कामाला असलेलं. वाचताना डोळे भरून आले.

तेव्हापासून ‘तुमचं मत सांगा’ असलं मोघम विचारत नाही. एका ओळीत उत्तर देता येईल असा नेमका प्रश्न विचारतो आणि प्रत्येकाला त्याच दिवशी नावानं उत्तर देतो. सगळ्यात कामी आलं ते वेगळंच : वाचकाची आठवण, त्याला विचारून, पुढच्या लेखाच्या सुरुवातीला घेतो. मग तो माणूस घरच्यांनाही वाचायला लावतो.

आता महिन्यातून एका रविवारी आम्ही रंकाळ्यावर भेटतो. गेल्या खेपेला एक काकू नाटकाचं जुनं तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आल्या होत्या.