सी-१८ कॉलमचं सिम्युलेशन: या चुका टाळा

सी-१८ कॉलम म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफीची नळी. संगणकावरचं तिचं मॉडेल: सिलिकाची भिंत, तिच्यावर अठरा कार्बनच्या साखळ्या, मधे मिथेनॉल-पाणी. दिसायला सोपं, म्हणून नवशिके पहिल्याच आठवड्यात रन लावतात आणि "सर, रिटेन्शन जुळत नाही" म्हणत येतात. रिटेन्शन म्हणजे पदार्थ कॉलममध्ये किती रेंगाळतो ते.

मी आधी विचारतो, रेणू मोजले कसे? बाटलीवरचं ७०:३० हे घनफळाचं प्रमाण असतं, रेणूंच्या संख्येचं नव्हे. हसू नका. मी स्वतः मिथेनॉलचे ७०० तर पाण्याचे ३०० या हिशेबाने सिम्युलेशनचा बॉक्स भरून तीन आठवडे संगणकांचा क्लस्टर तापवलाय. चाचणीचा रेणू ब्युटाइलबेंझीन साखळ्यांत टिकेना आणि मी फोर्स फील्डला (रेणूंमधल्या बलांच्या सूत्रांना) शिव्या देत बसलो. शेवटी वहीत मांडलं: घनफळाने ७०:३० म्हणजे रेणू जवळजवळ निम्मे-निम्मे. माझं मिश्रण प्रत्यक्षात घनफळाने ८४ टक्के मिथेनॉलचं होतं! आता आधी वही, मग बॉक्स.

एवढ्यावर भागत नाही. साखळ्या आणि त्यांची कड मिथेनॉल ओढून घेतात, मग पोअरच्या (भिंतींमधल्या पोकळीच्या) मधोमध भलतंच मिश्रण उरतं. खऱ्या कॉलमला पंप ताजं मिश्रण देत राहतो. बंद बॉक्सला पंप कुठला? म्हणून मी मधल्या पट्ट्यातलं प्रमाण काढतो, रेणू कमी-जास्त करतो, पुन्हा रन लावतो. कंटाळवाणं आहे, पण करतो. पोअर इतका अरुंद घेतला की मधे मोकळा द्रवच नाही, तर तपासणार तरी काय? गिब्ज एन्सेम्बल माँटे कार्लो या सिम्युलेशनच्या दुसऱ्या पद्धतीत द्रवाचा वेगळा बॉक्स असतो, तिथे ही कटकट बरीच कमी. पण ते शिकायला धीर हवा.

सगळ्या सिलॅनॉलवर (सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या Si-OH गटांवर) साखळ्या लावू नका. सिलिकावर सिलॅनॉल साधारण ८ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर, साखळ्या मावतात ३च्या आसपास, म्हणजे चौरस नॅनोमीटरला १.८. बाकीचे सिलॅनॉल मॉडेलमध्येही राहू द्या.

साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या ताठ उभ्या करून सुरुवात केली, तर त्या वाकायला, कलायला वेळ लागतो. ऊर्जेचा आलेख सपाट झाला म्हणून रन संपवणारे मला अजून भेटतात. मी दोन रन लावतो: एक ताठ साखळ्यांचा, दुसरा आधी तापवून विस्कटलेल्यांचा. दोन्हींचे घनतेचे आलेख एकमेकांवर बसेपर्यंत मी रिटेन्शनचा आकडा बघतही नाही.