सोलापूरहून सायकल बसने न्यायची तर खरी कसोटी डिकीपाशी

नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट असा सायकलने फेरा मारून सोलापुरात यायचं आणि पुण्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर रात्रीच्या बसने काढायचे, यात कमीपणा काही नाही. एप्रिलच्या उन्हात मोहोळ ते इंदापूर पॅडल मारण्यात तर कसलाच पराक्रम नाही. वैताग येतो तो सल्ल्यांचा. "चाकं काढायची अन् डिकीत टाकायची." टाकायची म्हणजे? ती कांद्याची गोणी आहे का?

गाडी निवडताना एकच बघा: ती सोलापुरातूनच सुटणारी हवी. हैदराबादकडून येऊन पुण्या-मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्स इथं पोचते तेव्हा तिची डिकी बहुतेक वेळा पार्सलांनी गच्च भरलेली असते. पुणे नाक्यावर हात दाखवून गाडी थांबवायचा विचारही करू नका. दोन मिनिटांच्या थांब्यात तुमच्या सायकलसाठी कुणी खोकी हलवत नाही. जिथून गाडी सुटते तिथं अर्धा-पाऊण तास आधी जाऊन उभं राहायचं, म्हणजे डिकी रिकामी असताना पहिलं सामान तुमचं. आषाढी-कार्तिकीला आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हा बेतच नको.

पैशाचं आधी बोला. ऑफिसवाला म्हणतो "गाडीवर बघा", ड्रायव्हर म्हणतो "ऑफिसात विचारलं का?" म्हणून ऑफिसातूनच ड्रायव्हरला फोन लावायला सांगायचं आणि रक्कम दोघांच्या तोंडून ऐकायची. एसटीत वाहकाकडून सामानाचं तिकीट मागून घ्या. ते हातात असलं की पुढं कुणी हुज्जत घालत नाही. लाल गाडीच्या टपावर कॅरिअर असेल तर सायकल आडवी ठेवून पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. सुतळी सैल पडते, ट्यूब पडत नाही.

आता डिकी. पुढचं चाक काढा, सीट खाली घाला, हँडल सैल करून चौकटीला समांतर वळवा. पॅडलं काढताना डावीकडच्याचे आटे उलटे असतात, एवढं लक्षात ठेवा. पाना पॅडलवरून वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्ही बाजूंची पॅडलं सुटतात. मागचं चाक असू द्या. डिकी फारच उथळ असेल तरच काढा.

खरी नाजूक जागा आहे मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आणि तो ज्याला लटकतो तो हँगर. एका प्रवासात क्लीनरने माझी सायकल साखळीच्या बाजूवर आडवी केली आणि वर कुणाचा तरी मिक्सरचा खोका ठेवला. सकाळी हँगर आत वाकलेला, आणि मोठ्या गिअरवर, म्हणजे मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर, टाकलं की डिरेलर आऱ्यांना घासायचा. हँगर मऊ धातूचा असतो, हाताने सरळ करायला गेलात तर तुटतो. आणि तो प्रत्येक मॉडेलला वेगळा, वाटेतल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. तेव्हापासून मी ५ मिमीच्या ॲलन कीने (सहा कोनांच्या पान्याने) डिरेलर हँगरवरून सोडवतो, केबल तशीच ठेवतो, फडक्यात गुंडाळून चौकटीच्या आतल्या बाजूला बांधतो. दोन-तीन मिनिटांचं काम. "नुसता मोठ्या गिअरवर टाका, आत सरकतो" असं सांगणारे भेटतील. सरकतो, पण हँगर बाहेरच राहतो, आणि मार त्यालाच बसतो. काहीही झालं तरी सायकल साखळी आभाळाकडे करूनच ठेवायची. क्लीनरच्या हातात देऊन वर जाऊन बसायचं नाही. डिकीत वाकून स्वतः ठेवायची, सगळ्यात आत, आडव्या भिंतीला लावून.

डिस्क ब्रेक असेल तर चाक काढलेल्या ब्रेकच्या पॅडांमध्ये पुठ्ठ्याची घडी सारा. चाक नसताना कुणी लिव्हर दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात, आणि पहाटे ते उचकटत बसायला लागतं. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याच्या, दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा बसवा. नव्या सायकलींबरोबर तो येतो, दुकानदार फेकून देतात, मागितला तर फुकट मिळतो.

गुंडाळायला महागडी पिशवी कशाला? सोलापुरात आहात, एक जाड चादर घ्या. अर्धी चौकटीवर, अर्धी चाक आणि चौकटीच्या मध्ये, डिस्क आतल्या बाजूला. रात्री एसीत कुडकुडायला झालं तर मात्र ती डिकीत आहे हे आठवून हळहळाल, म्हणून अंगावर घ्यायला टॉवेल वेगळा ठेवा.

सीट डावीकडची, खिडकीची, शक्य तितकी पुढची घ्या. थांब्यावर डिकी बहुधा त्याच बाजूने उघडतात. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, जिथं झाकण उघडल्याचा आवाज येईल तिथं खाली उतरा. चोरीची भीती कमीच, पण दुसऱ्याची बॅग काढताना सायकल ओढून बाजूला केली जाते आणि परत ठेवताना ती कुठल्या बाजूवर पडेल याचा नेम नसतो. झोप जाईल, जाऊ द्या.

पुण्यात हडपसरला उतरा, शहराच्या आत जाऊ नका. दिव्याच्या खांबाखाली सायकल जोडा. निघण्याआधी पुढच्या चाकाची क्विक रिलीज (चाक आवळायची दांडी) घट्ट आहे ना, हँडल पुढच्या चाकाच्या रेषेत आहे ना, दोन्ही ब्रेक लागतात ना, एवढं बघा. गिअर एकेक करून सावकाश बदला आणि आऱ्यांजवळ खरखर आली तर सर्वांत मोठा गिअर टाकू नका, तसेच घरी जा.